न लागलेल्या आगी

माझ्या बायकोच्या मामांइतका आगीचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा सापडायचा नाही, आणि गंमत अशी की त्यांची सगळी हयात पाण्यावर गेली. मालवाहू जहाजांवर ते तीसेक वर्षं इंजिनियर होते. निवृत्त झाले ते चीफ इंजिनियर म्हणून. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातला मुलगा, ज्यानं लहानपणी तिथल्या बुढा तालाबाहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो एकदम दर्यावर कसा गेला हे घराण्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. पण त्याहून मोठं कोडं म्हणजे ते परत आले तेही नेमके रायपुरात. जन्मभर ठिणगीला भिणाऱ्या माणसानं म्हातारपण काढायला असं गाव निवडावं, जिथे दर दुसऱ्या वळणावर कुणीतरी फाटकाला, ग्रिलला, नाही तर कूलरच्या स्टँडला वेल्डिंग करत बसलेला असतो! गावाबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांतून निघालेलं लोखंड शेवटी याच गल्ल्यांतून कापलं आणि जोडलं जातं. मामींचं म्हणणं होतं की म्हणूनच ते इथे आले. "दुसऱ्या गावात याईले झोप नसती आली," त्या म्हणायच्या, "इथे काळजी कराले भरपूर आहे."

जहाजावर वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग, म्हणजे ज्यातून ज्वाला किंवा ठिणगी निघते अशा सगळ्या कामांना 'हॉट वर्क' म्हणतात, आणि ते वाटेल तेव्हा वाटेल तिथे करता येत नाही. आधी परवानगी घ्यायची. मग आजूबाजूचं जळण्याजोगं सगळं हटवायचं, आणि जे हटत नाही ते ओल्या पोत्यांनी झाकायचं. टाकीत किंवा बंद जागेत काम असेल तर आतल्या हवेत गॅस आहे का, ते यंत्रानं तपासायचं. भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहायचं, कारण जहाजाची भिंत लोखंडाची. या बाजूनं वेल्डिंग केलं की त्या बाजूचा रंग पेटतो आणि या बाजूच्या माणसाला पत्ताही लागत नाही. शिवाय हाताशी पाणी घेऊन एक राखणदार उभा करायचा, जो काम संपल्यावरही बराच वेळ जागचा हलत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि मी उभ्या आयुष्यात जहाजावर पाय ठेवलेला नाही. मामांच्या ओळखीच्या प्रत्येकाला ते येतं. त्यांच्या गल्लीतला इस्त्रीवाला निखारे झाडण्याआधी खाली वाकून काय आहे ते बघतो, आणि बघून झालं की मामांच्या खिडकीकडेही एकदा बघतो.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती माझं लग्न ठरत असताना. मामा तेव्हा रजेवर आले होते. हिच्याकडची मंडळी आमचं घर पाहायला आली, चहापोहे झाले, माझ्या नोकरीची चौकशी झाली आणि मामा मात्र गप्प. शेवटी माझे वडीलच म्हणाले, "तुम्ही काही विचारलं नाही." मामा उठले, थेट स्वयंपाकघरात गेले, ओट्यामागच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "याच्या पलीकडे काय आहे?"

"शेजाऱ्यांची खोली," वडील म्हणाले.

"त्यात काय ठेवतात?"

"त्यांची आई असते."

"तिच्या गाद्या भिंतीले लागून आहेत का?"

वडिलांना या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. अशा प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला वरपिता मराठी मुलखात आजवर झाला नसेल. मामा चप्पल घालून शेजारी गेले. परत आले ते बऱ्याच वेळानं. मधल्या काळात त्यांनी त्या आजींशी ओळख करून घेतली होती, त्यांची खाट भिंतीपासून हातभर सरकवली होती आणि आजींच्या हातचा चिवडाही खाल्ला होता. आत येऊन त्यांनी रुमालानं हात पुसले आणि जाहीर केलं, "घर चांगलं आहे." लग्न ठरलं. आमच्या पगाराचा, पत्रिकेचा, गोत्राचा कशाकशाचा वाटा त्यात होता ते मला ठाऊक नाही. पण त्या खाटेचा नक्की होता.

मामींनी हे सगळं इतक्या सहजपणे संसारात मुरवून टाकलं होतं की पाहत राहावं. त्यांच्या घरी फोडणी हे हॉट वर्क होतं. तेल तापलं की मामी आतूनच मोठ्यानं हाक द्यायच्या, "फोडणी टाकून राहिले हो! परवानगी?" आणि मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "दिली." पाहुण्यांना वाटे, काय प्रेमळ थट्टा आहे! ती थट्टा नव्हती. एकदा मामा अंघोळीला गेले होते, उत्तर आलं नाही, तर मामींनी गॅस बंद केला आणि ते बाहेर येईपर्यंत आम्ही सगळे पानावर वरणाची वाट पाहत बसलो. मी मामींना म्हटलं, "मामी, आता कोण बघतंय? टाका की." त्या म्हणाल्या, "तो माणूस सहा-सहा महिने समुद्रावर राहायचा, जावईबापू. तेव्हा कोणी विचाराले नव्हतं. आता आहे तं विचारून घेते."

आमच्या मुलीचा वाढदिवस असला की मामा सकाळपासून आमच्याकडे. केकवरच्या मेणबत्त्या पेटायच्या आधी पडदे बांधून वर टाकले जात, फुगे खिडकीकडून हलवले जात, टेबलाशेजारी पाण्याची बादली आणि पिळलेला ओला टॉवेल येई, आणि मामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बादलीमागे उभे राहत. मुलीनं फुंकर मारली, टाळ्या वाजल्या, तरी सुरी हातात मिळत नसे. मामा एकेक वात ओल्या चिमटीत धरून गार झाल्याची खात्री करत आणि मग मान हलवत. आमच्या मुलीला वाटायचं, वाढदिवस असाच असतो. पुढे एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली तेव्हा तिनं तिथल्या काकूंना विचारलं, "आपके यहाँ बाल्टीवाले नाना नहीं आए?"

बाजारात तर मामांबरोबर जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला समजायचं. एका उन्हाळ्यात आम्ही भाजी आणायला निघालो होतो. वाटेत एक कूलरवाला फुटपाथवर बसून लोखंडी स्टँड जोडत होता, आणि त्याच्या पाठीशीच कूलरमध्ये भरायच्या वाळलेल्या खसचा आणि लाकडाच्या किसाचा ढीग. मामांनी पिशवी माझ्या हातात दिली. "रुक जा, भाई."

"अंकल, रोज का काम है," तो म्हणाला.

"हव, रोज का है, इसीलिए तो रुक जा."

मग त्यांनी स्वतः, सत्तरीच्या माणसानं, तो सगळा ढीग मिठी मारून उचलून पलीकडे नेला, शर्टभर कुसं चिकटवून घेतली आणि पानवाल्याकडून बादलीभर पाणी आणून शेजारी ठेवलं. कूलरवाल्याचं काम पाच मिनिटांत झालं आणि तो जेवायला निघून गेला. मामा तिथेच स्टुलावर बसून. येणारेजाणारे सगळे ओळखीचे. एकानं सायकल थांबवून विचारलं, "काका, काय करून राहिले?"

"आग लागते का पाहून राहिलो."

"लागली?"

"नाही."

"मग?"

"मग काय, चांगलं चालू आहे."

समुद्रावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडे गोष्टी असणार, असं सगळ्यांना वाटे. आमच्या घरातली पोरंसोरं त्यांना वादळं विचारत, समुद्री चाचे विचारत, देवमासे विचारत. मामा हसून म्हणत, "सांगतो. एकदा आम्ही अरबी समुद्रात होतो. पंपाच्या खोलीत पाइप फुटला. वेल्डिंग केल्याशिवाय इलाज नाही. शेजारच्या टाकीत तेल." पोरं सरसावून बसत. मामा मग गॅस कसा तपासला, पोती कशी भिजवली, पलीकडे कोणाला उभं केलं, फोनवर कोण कोणाशी काय बोललं, हे इतकं रंगवून सांगत की मोठी माणसंही कामं सोडून ऐकत. आणि शेवटी कुणीतरी न राहवून विचारी, "मग काय झालं?"

"काही नाही झालं," मामा म्हणत. त्यांचा चेहरा उजळलेला असे. "काहीच नाही!"

अशा त्यांच्याकडे पुष्कळ गोष्टी होत्या. सगळ्या न लागलेल्या आगींच्या. पोरं पुढे पुढे मोबाइल घेऊन उठून जाऊ लागली. मामांना त्याचं वाईट वाटत असेल, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. पोरं गेली की उरलेली गोष्ट ते मला सांगत.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ आणि मामांचा सख्खा भाचा, सिलतऱ्याला एक लहानसं वर्कशॉप चालवतो. मराठी त्याला सगळी समजते, पण उत्तर देतो हिंदीत. माणूस कष्टाळू, जिवाला जीव देणारा, फक्त घाईत असतो. मामांनी वर्कशॉपमध्ये येऊ नये असं त्यानं बहिणीमार्फत, आईमार्फत, माझ्यामार्फत अनेकदा सुचवलं होतं, आणि मामाही मान राखून जात नसत. पण एका मे महिन्यात मामींनी भाच्यासाठी लोणच्याची बरणी दिली आणि मामा ती घेऊन तिकडे गेले.

तिथे एक टँकर उभा होता. थिनरसारखं काहीतरी वाहून नेणारा. टाकीच्या आतला, द्रव हिंदकळू नये म्हणून बसवलेला एक आडवा पत्रा तुटला होता आणि तो जोडायला माणसानं आत उतरणं भाग होतं. धनीराम नावाचा वेल्डर झाकणाशी शिडी लावून तयार होता. मामांनी विचारलं, "गॅस कोणी तपासला?"

"मामा, सुबह से ढक्कन खुला है. पानी से धो भी दिया," मेहुणा म्हणाला.

"तपासला कोणी?"

"नाक से तपासा," मेहुणा हसत म्हणाला, आणि बाकीचेही हसले.

मामांनी लोणच्याची बरणी टेबलावर नीट ठेवली. मग ते भिंतीकडे गेले, मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसला, पँटच्या खिशात घातला आणि बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले. वर्कशॉप ठप्प. पंखेसुद्धा बंद.

मेहुण्याचा मला फोन आला तेव्हा तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "जीजाजी, आप आओ. मामा को ले जाओ. पार्टी शाम को गाड़ी लेने आ रही है." मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा बाहेर ऊन असं की रस्ता डोळ्यांना धरवेना, आणि कडुनिंबाखाली मामा ओला गमछा डोक्यावर टाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. समोर मेहुणा उभा. सगळे कामगार सावलीसावलीनं तमाशा पाहत होते.

"मामा, फ्यूज दे दो. ये जहाज नहीं है!"

"हव, जहाज नाही. जहाजावर असता तं तुले समुद्रात फेकलं असतं."

"इतने साल से काम कर रहा हूँ, कभी कुछ हुआ?"

"माझंही काही झालं नाही," मामा म्हणाले. "पण तुझं नशिबानं नाही झालं, बापू."

मेहुण्यानं हातातली पक्कड जमिनीवर आपटली आणि तो आत निघून गेला. मी मामांशेजारी एक डबा पालथा घालून बसलो. मला समजूत काढायला बोलावलं होतं, पण कुणाची आणि कशी, ते कळेना. थोड्या वेळानं मी विचारलं, "मामा, खरं सांगा. तुमच्या डोळ्यांसमोर कधी झालं होतं का काही? कुणी गेलं होतं का?" मला वाटलं, आता ते एखाद्या भाजून गेलेल्या सोबत्याची गोष्ट सांगतील, इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली. माणसाच्या अशा विक्षिप्तपणाला काहीतरी कारण असतं अशी आपली समजूत असते.

"नाही," मामा म्हणाले. "कोणी नाही गेलं. दुसऱ्या जहाजांवरचं ऐकलं बहुत. आपल्यावर नाही." ते टँकरकडे पाहत राहिले. "पण भ्यायलो दर वेळी, जावईबापू. जमिनीवर आग लागली तं माणूस रस्त्यावर पळते. तिथे कुठे पळसान? चहूकडे पाणी, आणि मधात माणूस जळून मरते. पोट्टा टाकीत उतरला की मी वर तोंडाशी उभा. हातात दोरी. आतून वेल्डिंगचा उजेड दिसे, धूर येई, अन् मी घडीघडी दोरी हलवून पाहे. मग तो वर येई, तोंड पुसे आणि म्हणे, साब, चाय पिलाओ." त्यांनी डोक्यावरचा गमछा सारखा केला. "बस. एवढंच. तीस वर्षं मी तेवढ्यासाठी उभा राहिलो. माझ्या कामात दाखवाले दुसरं काही नाही."

मी उठलो, आत गेलो आणि मेहुण्याला म्हटलं, "पार्टीला उद्या यायला सांग." तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मीच फ्यूज चोरला. पण तेवढ्यात धनीराम, जो इतका वेळ शिडीला टेकून उभा होता, तो शांतपणे म्हणाला, "भैया, कल कर लेंगे ना. जाना तो मेरे को है अंदर." आणि त्यानं शिडी काढून आडवी ठेवली. मेहुण्यानं पार्टीला फोन लावला.

मग मामा खुर्चीवरून उठले आणि त्यांचं वय दहा-पंधरा वर्षांनी कमी झालं. शेजारच्या कारखान्यातून वाफेची व्यवस्था झाली. टँकर आतून वाफेनं धुतला गेला, कोपऱ्यातला, पत्र्यामागचा चिकट गाळ खरवडून काढला गेला, मोठा पंखा लावून रात्रभर आत हवा सोडली. तिथल्याच एका मोठ्या कारखान्यात सुरक्षेचं काम पाहणारे गृहस्थ मामांच्या सकाळच्या फिरण्यातले. ते दुसऱ्या दिवशी गॅस मोजायचं यंत्र घेऊन आले. दोरीला बांधून ते आत सोडलं गेलं. वर, मध्ये, तळाशी, तुटक्या पत्र्याच्या मागे. "हा गॅस हवेहून जड राहते," मामा सगळ्यांना सांगत होते, "नाकाले कळत नाही, खाली जाऊन बसते." यंत्र वर आलं. आकडा शून्य.

"देखा?" मेहुणा म्हणाला. "कुछ था ही नहीं!"

"काहीच नाही!" मामा टाळी वाजवून म्हणाले.

"मामा, कल भी नहीं था. एक दिन खराब हो गया."

"असेल, असेल. कल भी नसेल." मामांना त्याचं काही नव्हतं. शून्याचा असा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आदल्या दिवशी धनीराम आत उतरला असता तर काय झालं असतं हे कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि या न कळण्यातच मामांचं सगळं समाधान होतं.

धनीराम कमरेला दोरी बांधून उतरला. मामा झाकणाशी गुडघे टेकून बसले, दोरी मनगटाला गुंडाळलेली. टाकीच्या तोंडातून निळा उजेड लखलखत होता. मामा दर थोड्या वेळानं दोरीला हलकासा हिसका देत आणि खालून उलटा हिसका येई. मी खाली उभा राहून त्यांचा चेहरा पाहत होतो; पेन्शनर माणूस नव्हता तो, चीफ होता. काम संपलं. धनीरामचं डोकं वर आलं, काळंकुट्ट, घामानं निथळणारं. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "बबा, अब चाय पिलाओ."

आमचं आदल्या दिवशीचं बोलणं त्यानं ऐकलं नव्हतं. तो शिडीपाशी होता, आम्ही झाडाखाली. मामा पटकन उठले आणि तोंड फिरवून चष्मा पुसू लागले. चहा मेहुण्यानं मागवला.

त्यानंतर मेहुणा मामांशी कित्येक महिने बोलला नाही. दिवाळीला पाया पडला, पण मान फिरवून. मात्र पुढे एकदा मी त्याच्या ऑफिसात गेलो तर टेबलावर तसलंच गॅसचं यंत्र. मी पाहतोय हे पाहून तो म्हणाला, "आजकल पार्टियाँ माँगती हैं." मी म्हटलं, "हो का." धनीरामनं मात्र मला दारात गाठून सांगितलं की पार्टी-बिर्टी कोणी मागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. फार आजारी नव्हत्या. दोन दिवस अंगात कसर होती, तिसऱ्या दिवशी उठल्या नाहीत. घाटावर सगळं झाल्यावर माणसं एकेक करून हात जोडून परतली. मामा थांबले. त्यांची लेक म्हणाली, "बाबा, चला ना." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." मी त्यांच्याबरोबर राहिलो. ऊन उतरलं, ज्वाळा बसल्या, नुसता विस्तव राहिला, तरी ते लोखंडी बाकावर ताठ बसून होते. अगदी निवत आलं तेव्हा ते उठले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोवर त्यांनी माझ्यासमोर कधी कुणाचा आधार घेतला नव्हता.

लेकीनं त्यांना नव्या रायपुरात आपल्या फ्लॅटवर नेलं. बरोबरच केलं, तात्यापाऱ्यात एकटे कसे राहणार होते? मी आणि बायको त्यांना भेटायला जातो. रुंद रुंद रस्ते, तुरळक गाड्या, क्वचित दिसणारी बस. इमारत नवी कोरी. प्रत्येक मजल्यावर लाल नळकांडी टांगलेली, छतात धुराची सूचना देणारी यंत्रं, जिन्याला आपोआप बंद होणारी दारं. स्वयंपाकघरात शेगडी विजेची. ज्वाळा नाही, वास नाही. पहिल्या भेटीत मी म्हटलं, "मामा, ही तर तुमच्याच मनासारखी जागा." मामांनी छताकडे पाहिलं. "हव," ते म्हणाले, "इथे सगळं केलेलं आहे." मग बराच वेळ बाल्कनीतून रस्त्याकडे पाहत राहिले. खाली कुणीच काही जोडत नव्हतं, कापत नव्हतं. "लेक जिवापाड सेवा करते," ते म्हणाले, "जावई चांगला आहे. पण जावईबापू, इथे मले कोणी काही विचारत नाही."

घरी येताना बायको गाडीत सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

गेल्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला. तब्येत झाली, हवा झाली, मेहुण्याच्या मुलीचं कॉलेज झालं. बोलणं संपलं तरी ते फोन ठेवेनात. मग घसा खाकरून, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काही काम-बिम नाही निघालं का? वेल्डिंगचं?"

मी आमच्या फाटकाकडे पाहिलं. "निघालं ना, मामा," मी म्हणालो. "फाटकाचं बिजागर गेलं आहे. तुम्हाला फोन करणारच होतो."

पलीकडून आवाज आला तो एकदम वेगळा, खणखणीत. "कोणाले हात लावू देऊ नका. मी येऊन राहिलो. बारा वाजेपर्यंत पोचतो. वेल्डरले सांगा, मी आल्याशिवाय मशीन उतरवाची नाही." आणि फोन बंद.

मी मागे वळलो. बायको पोळपाट हातात घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "बिजागर गेलं?" तिनं विचारलं.

"जाईल आता," मी म्हणालो.

ती पोळपाट ठेवायला आत गेली आणि येताना हातोडी घेऊन आली. फाटक मजबूत निघालं. मी ठोकत होतो, ती दुसऱ्या बाजूनं फाटकाची झडप धरून होती, आणि त्या आवाजानं शेजारच्या दीदी गॅलरीत आल्या.

"भैया, चांगलं फाटक काहून तोडून राहिले?"

"मामा येऊन राहिले," बायको म्हणाली.

"हव का!" दीदी म्हणाल्या. मग मागे वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं. "मग त्याईले सांगजा, आमच्याही खिडकीची जाळी हलून राहिली बरेच दिवसांपासून. आले तसे तेवढंही पाहून घेतील."

त्यांच्या खिडकीची जाळी मला खालून स्पष्ट दिसत होती. चांगली घट्ट होती.